एकाच गेटवर दोन बोर्ड: दुसऱ्या एजंटाच्या बोर्डाला हात लावावा का?

म्हापशाचा दलाल
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचक होतो. आज धागा काढतोय, कारण तीन रात्री नीट झोप नाही.

मी १४ वर्षं गोव्यात, बार्देस तालुक्यात घरं-जमिनींच्या दलालीचं काम करतो. मोठं ऑफिस वगैरे नाही. म्हापशाला बाजाराच्या मागे एक खोली आणि एक स्कूटर. हळदोण्याला एक जुनं चिऱ्याचं घर आहे, पुढे बल्कांव म्हणजे बसायची ओसरी, मागे मोठं पोरस म्हणजे परसबाग. मालकीण परदेशात, चावी शेजारणीकडे. जानेवारीत मालकिणीने मला ईमेलवर लिहून दिलं की घर विकायला काढा आणि बोर्ड लावा. मी स्वतः पिकास घेऊन गेटच्या डाव्या हाताला खड्डा मारला. तिथली जमीन म्हणजे नुसता दगड, दीड हात खोल जायला अख्खी सकाळ गेली. अँगल उभा केला आणि भोवती चिऱ्याच्या कपऱ्या ठोकून घट्ट बसवला.

रविवारी गिऱ्हाईक घेऊन गेलो तर माझा बोर्ड पोरसात फणसाखाली पालथा. आणि माझ्याच खड्ड्यात, माझ्याच कपऱ्या ठोकून दुसऱ्या एजंटाचा बोर्ड उभा. गिऱ्हाईक नवरा-बायको पुण्याहून आलेले. बाईंनी शांतपणे विचारलं, "दादा, हे घर नक्की तुमच्याकडेच आहे ना?" मला धड उत्तर देता आलं नाही.

मी त्याच्या बोर्डाला हात लावला नाही. बोर्डावर नंबर होता, तिथूनच फोन केला. तो म्हणाला, "मालकाने सांगितलं म्हणून लावला. तुमचा पडलेला होता." आणि फोन ठेवला.

या धंद्यातल्या आणि बाहेरच्याही लोकांना विचारतो. दुसऱ्याचा बोर्ड असताना आपला लावायचा झाला तर आधी एक फोन करावा की नाही? आणि दुसऱ्याचा बोर्ड पडलेला दिसला तर काय करावं? मला वाटतं फोन करावा, आणि पडलेला असेल तर उभा करावा. पण आजकाल असं वाटणारा मी एकटाच आहे की काय, अशी शंका यायला लागली आहे.

रानमोगरा
वाचतेय. रुमाल टाकून ठेवते.

चिरेबंदी
दादा, एकटे नाही तुम्ही. मी फोंड्याचा, हाच धंदा.

मृगाचा पहिला जोराचा पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी मी एक फेरी मारतो. जातो स्वतःच्या बोर्डांसाठी, पण दुसऱ्याचा आडवा दिसला तर तोही उभा करतो. डिकीत तार आणि पक्कड असतेच. मागे एकदा बांदोड्याला एकाचा बोर्ड ओहळात गेला होता. काढला, चिखल धुतला, गेटाला टेकवून ठेवला आणि त्याला फोन केला. पलीकडे मिनिटभर शांतता. मग म्हणाला, "कितें रे, तूं म्हाका फोन करता?" त्याला खरंच वाटेना. त्याच चतुर्थीनंतर त्याने मला एक गिऱ्हाईक पाठवलं, दलाली अर्धी-अर्धी वाटून घेतली. आज आम्ही एकमेकांच्या घरी जेवायला जातो.

तुमच्या बाबतीत एक गोष्ट खटकते. पडलेला बोर्ड रस्त्याकडे पडेल नाहीतर कुंपणावर. घराला वळसा घालून मागच्या फणसाखाली कसा जाईल?

म्हापशाचा दलाल
@चिरेबंदी, अगदी हेच मी त्या दिवसापासून घोकतोय. शिवाय अजून पाऊसच नव्हता. वळिवाची एक सर तेवढी.

दर्यादेस
मी थोडं वेगळं बोलणार आहे, राग मानू नका.

मी मांद्र्याला काम करतो. मोपाचा विमानतळ २०२३ च्या जानेवारीत सुरू झाला, तेव्हापासून आमच्या पेडणे तालुक्यात ज्याच्याकडे मोबाईल आहे तो एजंट आहे. एका गेटावर मी पाच बोर्ड मोजलेत. मालक पाचही जणांना "लाव" म्हणतो आणि पाचही जणांना वेगळी किंमत सांगतो. अशा वेळी मी कुणाकुणाला फोन करू? मालकाची परवानगी असली की झालं. ज्याने गिऱ्हाईक आणलं, दलाली त्याची.

बोर्ड उपटणं चूकच, त्याला माझा पाठिंबा नाही. पण शेजारी लावायला आधीच्या एजंटाला विचारायचं हे मला पटत नाही. घर त्याचं थोडंच आहे?

म्हापशाचा दलाल
@दर्यादेस, शेजारी लावला असता तर मी हा धागाच काढला नसता. आणि परवानगी मागा असं मी म्हणत नाहीये. नुसतं "मी पण लावतोय, मालकाने सांगितलंय" एवढं कळवायचं. त्या एका फोनमध्ये किंमत जुळवून घेता येते. माझ्या बोर्डावरच्या नंबरावर एक किंमत आणि तुमच्या नंबरावर दुसरी, असं झालं की गिऱ्हाईक दोघांनाही लबाड समजतं.

दर्यादेस
किंमतीचा मुद्दा मान्य. मोरजीच्या एका प्लॉटबाबत माझं तसंच झालं होतं. गिऱ्हाईकाने तिघांना फोन केले, तीन आकडे ऐकले आणि सिंधुदुर्गात जाऊन जमीन घेतली.

कुंचला
मी एजंट नाही, बोर्ड रंगवणारा. ३० वर्षं डिचोलीत हेच करतोय. आता बहुतेक जण फ्लेक्स लावतात, पण पत्र्यावर रंगवून घेणारे अजून आहेत.

तुम्ही लोक बोर्ड म्हणता तेव्हा तुम्हाला नाव आणि नंबर दिसतो. मला त्यामागचं काम दिसतं. पत्रा घासायचा, रेड ऑक्साईडचा हात द्यायचा, तो वाळला की पांढरा, मग दोऱ्याने रेघा मारून अक्षरं. 'विकणे आहे' या दोन शब्दांत 'णे'ची मात्रा आणि 'आहे'ची मात्रा एका उंचीला आली नाही तर अख्खा बोर्ड तिरका वाटतो. असा पत्रा गोव्याच्या पावसात चार-पाच वर्षं टिकतो.

एकदा एक जण दुसऱ्याचा बोर्ड गाडीत घालून घेऊन आला. म्हणाला, यावर पांढरा मारा आणि माझं नाव लिहा. मी विचारलं, कुणाचा आहे? म्हणाला, पडलेला होता. मी नाही सांगितलं. त्याने दुप्पट पैसे देऊ केले, तरी नाही. खाली कोपऱ्यात माझ्याच हातची बारीक सही होती, ते त्याने पाहिलं नव्हतं. बोर्ड ठेवून घेतला आणि संध्याकाळी मूळ माणसाला नेऊन दिला.

दलालभाऊ, तुमच्या बोर्डाला पोचा आला असेल तर घेऊन या. ठोकून सरळ करून देतो, पैसे नकोत.

रानमोगरा
कुंचलाकाका, 'णे'च्या मात्रेचं वाचून आज येताना रस्त्यावरचे सगळे बोर्ड बघत आले. निम्मे तिरके आहेत!

पेडण्याची बाय
मला या धाग्यात एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही. तुम्ही सगळे बोर्ड कुणी कुणाचा काढला यावर बोलताय. आम्ही गावातली माणसं ते बोर्ड रोज बघतो. शाळेला जाताना माझ्या मुलाने एकदा विचारलं, "आई, हे सगळं घर विकायचं आहे तर मग राहणार कोण?" आमच्या वाड्यावर अकरा घरं, त्यातल्या चार घरांपुढे बोर्ड. दोन घरांत दिवाळीला पणतीही लागत नाही. विजेच्या खांबांवर, माडांवर खिळे मारून पाट्या. माडाला खिळा मारला की त्या जागेतून पाणी आत जातं आणि माड कुजायला लागतो, हे यांना कुणी सांगायचं?

एकमेकांशी सौजन्याने वागा, चांगलंच आहे. थोडं सौजन्य गावाशीही दाखवा.

म्हापशाचा दलाल
बाय, तुमचं बोलणं मनाला लागलं. माडावर मी कधी खिळा मारलेला नाही, पण विजेच्या खांबावर सुरुवातीच्या काळात पाट्या लावल्या आहेत, ते खोटं बोलणार नाही. नंतर बंद केलं.

काळा कोट
खांबांवरून आठवलं. गोव्यात १९८८ चा मालमत्ता विद्रूपीकरण प्रतिबंधक कायदा आहे. सरकारी खांब, भिंती यांवर परवानगीशिवाय पाट्या लावणं त्यात गुन्हा आहे. सगळे लावतात म्हणून ते कायदेशीर होत नाही.

मूळ प्रश्नाकडे येतो. काही जण म्हणतील रेराकडे, म्हणजे घरबांधणी प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या प्राधिकरणाकडे, तक्रार करा. २०१६ च्या रेरा कायद्यात कलम ९ प्रमाणे एजंटाला नोंदणी लागते, कलम १० त्याची कर्तव्यं सांगतं. पण हे सगळं नोंदणी झालेल्या प्रकल्पातल्या फ्लॅट-प्लॉटच्या विक्रीबद्दल आहे. हळदोण्याचं वाडवडिलांचं घर हा प्रकल्प नव्हे, तेव्हा तिकडे जाऊन उपयोग नाही. उरतो १८७२ चा करार कायदा. त्याच्या कलम २१९ चा अर्थ असा की वेगळं ठरलेलं नसेल तर काम पूर्ण होईपर्यंत एजंटाचा मोबदला देय होत नाही. म्हणजे खड्डा मारायला तुमची अख्खी सकाळ गेली, त्याचा कायद्याच्या लेखी हिशोब नाही. बोर्ड मात्र तुमची वस्तू आहे, तो दुसऱ्याने काढायला नको होता.

आता खरा प्रश्न. तो दुसरा एजंट 'मालकाने सांगितलं' म्हणाला. तुम्हाला 'मालकिणीने' सांगितलं. हे दोघे वेगळे असतील का? एक-चौदाचा उतारा, म्हणजे आपल्याकडचा सात-बारा, काढून बघितलात का?

म्हापशाचा दलाल
उतारा जानेवारीतच काढला होता. त्यावर अजून वडिलांचंच नाव आहे. मालकीण म्हणाली की वडील वारले, घर आता माझं. मी पुढे विचारलं नाही. तिथेच चुकलो.

काळा कोट
मग बोर्डाचं राहू द्या बाजूला, आधी हे बघा. वडिलांचं नाव आहे म्हणजे इन्व्हेंटरी (कोर्टातून होणारी वारसांची वाटणी) झालेली नसणार, सक्सेशन डीडही (वारस कोण ते नोंदवणारा दस्तही) नसेल. आपल्याकडे पोर्तुगीज नागरी संहितेचा वारसा आहे, वारशाचा भाग आता २०१२ च्या कायद्यात आलाय. मुलगा असो वा मुलगी, दोघांना सारखा हिस्सा. आणि लग्न जर संपत्तीच्या सामायिकीच्या पद्धतीने झालेलं असेल, जे इथे बहुतेकांचं असतं, तर नवऱ्याला बायकोच्या आणि बायकोला नवऱ्याच्या सहीशिवाय स्थावर विकता येत नाही. बहीण-भाऊ दोघंच असले आणि दोघांची लग्नं झालेली असली तरी चार सह्या झाल्या. परदेशातून मुखत्यारपत्र येणार असेल तर ते तिथल्या भारतीय वकिलातीत किंवा अपोस्टिल (कागद खरा असल्याचा तिथला सरकारी शिक्का) करून, आणि इथे आल्यावर तीन महिन्यांत त्यावर स्टॅम्प ड्युटी भरून. हे सगळं होईपर्यंत तुमचा बोर्डही खरा नाही आणि त्याचाही नाही.

मास्तर
काळा कोट यांनी सांगितलंय ते शंभर टक्के. त्यात एक जोडतो. आमच्या साखळी भागात एका भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) जमिनीवर बोर्ड लागला, तोही थेट मुंडकाराच्या, म्हणजे त्या जमिनीवर घर करून राहणाऱ्या कुळाच्या अंगणासमोर, तुळशीवृंदावनापासून चार पावलांवर. घरातली म्हातारी दोन दिवस जेवली नाही. तिला वाटलं आपलंच घर विकायला काढलंय. १९७५ चा मुंडकार कायदा तिच्या बाजूने आहे, भाटकाराने जमीन विकली म्हणून तिला कुणी बाहेर काढू शकत नाही, हे तिला समजावायला मी दोनदा गेलो. एजंट भला माणूस निघाला. त्याला कळल्यावर स्वतः येऊन बोर्ड रस्त्याच्या कडेला हलवला आणि म्हातारीच्या पाया पडला. कुणी राहत असलेल्या दारासमोर बोर्ड लावायचा तर आधी त्या दारात जाऊन दोन शब्द बोलावेत.

शेवंती
मी मूळ मडगावची, आता न्यू जर्सीत. माझी नणंद इथे एजंट आहे, म्हणून थोडं लिहिते.

इकडे घरमालक एका एजंटाशी लेखी करार करतो, आणि अंगणात त्या एकाचाच बोर्ड. पांढरा लाकडी खांब, त्याला आडवा हात, त्यावर पाटी टांगलेली. खांब रोवायला वेगळी माणसं येतात. दुसऱ्या एजंटाने गिऱ्हाईक आणलं तरी बोर्ड पहिल्याचाच राहतो. रिअल्टर लोकांच्या राष्ट्रीय संघटनेची १९१३ पासूनची आचारसंहिता आहे आणि त्यात बोर्डाबद्दल चक्क नियम आहे. व्यवहार पुरा होण्याआधी गिऱ्हाईक आणणाऱ्या एजंटाला 'विकले' अशी पाटी लावायची असेल तर मूळ एजंटाची संमती घ्यावी लागते. नणंद सांगते, पाट्यांवरून कुरबुरी इथेही होतात, पण कुठे जायचं ते ठरलेलं असतं.

@पेडण्याची बाय, तुमच्यासाठी एक गोष्ट. न्यू जर्सीतच विलिंगबरो नावाचं गाव आहे. तिथे १९७४ मध्ये 'विकणे आहे' आणि 'विकले' या दोन्ही पाट्यांवर बंदी घातली होती. कृष्णवर्णीय कुटुंबं राहायला येऊ लागली तशी गोरी माणसं घाबरून घरं विकत सुटली होती, आणि पाट्या बघून आणखी घाबरत होती, म्हणून. १९७७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी रद्द केली. घर विकायचं आहे हे सांगण्याचा मालकाचा हक्क काढून घेता येत नाही, असा निकाल दिला.

पेडण्याची बाय
शेवंती, माहितीसाठी देव बरें करूं. निकाल समजला. मी बंदी मागत नाहीये. पण पाटी बघून गाव घाबरतो, हे त्या लोकांनाही जाणवलं होतं, एवढं वाचून बरं वाटलं. आमची भीती वेगळी आहे. कोण येणार याची नाही, कुणीच राहायला येणार नाही याची.

दर्यादेस
अवांतर: शेवंतीताई, एका एजंटाशी लेखी करार ही पद्धत इथे चालली तर मी आज सही करायला तयार आहे. पण मालक तयार होत नाहीत. त्यांना वाटतं पाच बोर्ड म्हणजे पाचपट गिऱ्हाईक.

चिरेबंदी
@दर्यादेस, मी गेल्या वर्षापासून तीन महिन्यांचं पत्र लिहून घेतो. निम्मे मालक देतात. जे देतात त्यांच्या घरासाठी मी मनापासून धावतो, जाहिरातीला स्वतःचे पैसे घालतो. जे देत नाहीत त्यांचं काम नाकारत नाही, पण बोर्ड लावत नाही. सुरुवातीला धंदा कमी होईल अशी भीती होती. तसं झालं नाही.

रानमोगरा
धागाकर्ते, पुढे काय झालं? चार दिवस तुमचा पत्ता नाही.

म्हापशाचा दलाल
माफ करा, धावपळ होती. सविस्तर लिहितो.

काळा कोट साहेबांचा प्रतिसाद वाचून त्याच रात्री मालकिणीला फोन केला. भाऊ आहे का विचारलं. आधी गप्प बसली. मग म्हणाली, आहे, मुंबईला. आई वारली तेव्हापासून बोलत नाही. मला सगळं कळलं.

दुसऱ्या दिवशी त्या एजंटाला पुन्हा फोन केला. या वेळी बोर्डाबद्दल अवाक्षर काढलं नाही. म्हटलं, "एक-चौदावर वडिलांचं नाव आहे, तुम्ही बघितलंय का? तुमच्या मालकाला बहीण आहे." बराच वेळ आवाज नाही. मग म्हणाला, "घराकडे याल का?"

मंगळवारी संध्याकाळी भेटलो. माझ्या मनात होतं त्यापेक्षा खूप लहान निघाला, पंचविशीचा असेल. आम्ही बल्कांवच्या सोप्यावर बसलो. शेजारणीने चहा दिला. त्याने स्वतःहून सांगितलं की बोर्ड त्यानेच काढला. भावाने फोनवर सांगितलं होतं, तिथे कुणा लबाडाने बोर्ड लावलाय, तो आधी फेका. त्याला खरं वाटलं. "फेकवेना म्हणून फणसाखाली ठेवला," म्हणाला. तो पालथा का होता तेही विचारलं. वर कावळे घाण करत होते, अक्षरं खराब होऊ नयेत म्हणून उलटा ठेवला. हे ऐकल्यावर माझा राग गेला.

मग मी बहिणीला फोन लावला, त्याने भावाला. दोन्ही फोन स्पीकरवर टाकून सोप्यावर शेजारी शेजारी ठेवले. पहिली पाच मिनिटं दोघांनी आम्हालाच झापलं. मग बहिणीने विचारलं, "फणसाला यंदा फळ आलंय का?" भाऊ म्हणाला, "मला काय माहीत, मी कुठे गेलोय तिकडे." शेजारणीने पुढे होऊन सांगितलं, आलंय, भरपूर. त्यानंतर दोघं एकमेकांशी बोलायला लागले आणि आम्ही उठून गेटाकडे आलो.

ठरलं ते असं. आधी सक्सेशन डीड, वकील दोघांच्या पसंतीचा. तोपर्यंत घर बाजारात नाही. पुढे विकायचं झालंच तर आम्ही दोघं मिळून, दलाली निम्मी-निम्मी, तसं एका कागदावर लिहून सह्या केल्या. पुण्याच्या बाईंना मी फोन करून खरं काय ते सांगितलं. त्या थांबायला तयार आहेत.

कुंचला
वा! मग एकाच पत्र्यावर दोघांची नावं रंगवून देतो. आधी कुणाचं, ते तुम्ही ठरवा.

दर्यादेस
वाचून बरं वाटलं दादा. काल मोरजीला एक बोर्ड लावला. आधीचा एक होता, त्या नंबरावर फोन केला. त्याने उचलला नाही, पण मेसेज टाकून ठेवलाय.

पेडण्याची बाय
बहीण-भाऊ विकायचं रद्द करतील अशी मला आशा आहे. तुमची दलाली बुडेल, त्याबद्दल आधीच क्षमा मागते.

म्हापशाचा दलाल
बाय, तसं झालं तर मला वाईट वाटणार नाही, अगदी खरं सांगतो. बहीण डिसेंबरात येते म्हणालीय, भाऊही येणार आहे.

बोर्डांचं राहिलं सांगायचं. त्याने त्याचा अँगल काढला, मी धरायला होतो. माझा बोर्ड त्याच्या गाडीत मावला, म्हापशापर्यंत त्यानेच आणून दिला. खड्डा बुजवायचा की ठेवायचा यावर थोडी चर्चा झाली. पाऊस तोंडावर आहे, पोरं खेळतात, कुणाचा पाय जायला नको. म्हणून दोघांनी मिळून कपऱ्या परत आत भरल्या आणि वर माती लोटली. कुंचलाकाका, शनिवारी डिचोलीला येतो. कोपरा थोडा वाकलाय.